माशा खाणाऱ्या झाडाची थंडीतली झोप

(सामुदायिक रेडिओवरच्या परसबागेच्या कार्यक्रमातलं बोलणं)

दिवाळी झाली, फराळाचे डबे तळाला गेले, आणि पहाटे अंगणात जायचं तर आता खांद्यावर शाल लागते. या दिवसांत आपण दरवर्षी शेवंतीबद्दल बोलतो, गुलाबाच्या छाटणीबद्दल बोलतो. आज मात्र एका पाहुण्या झाडाबद्दल बोलायचं आहे. त्याच्याबद्दल इतक्यांनी विचारलं आहे की आता टाळता येत नाही. आणि बहुतेकींचा प्रश्न एकच असतो, "ताई, झाड काळं पडलंय. टाकून देऊ का?"

झाडाचं नाव व्हीनस फ्लायट्रॅप. माशा पकडणारं झाड म्हणून आपल्या पोरांना ते बरोबर ठाऊक असतं. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघायचे, मग आईच्या मागे लागायचं, आणि एक दिवस खोक्यातून चहाच्या कपाएवढी कुंडी घरात येते. काही नर्सऱ्यांतही आता ते मिळतं. पावसाळ्यात छान वाढतं, दोन माशा खातं, शेजारीपाजारी बघून जातात. आणि डिसेंबरात पानं काळी पडायला लागतात. मग कुणी जास्त पाणी घालतं, कुणी खत घालतं, कुणी मेलेले डास चिमट्यानं भरवतं, आणि शेवटी कुंडी कचऱ्याच्या बादलीत जाते.

तर उत्तर आधी सांगते, मग कारण. टाकू नका. माती थोडी बाजूला करा आणि खालचा गड्डा बघा. पांढरट आणि घट्ट असेल तर झाड जिवंत आहे, ते झोपलं आहे.

ही झोप आपल्याला नवीन नाही. हळद बघा. दसऱ्यापर्यंत परड्यात हिरवीगार असते, मग पानं पिवळी पडतात, वाळतात, आडवी होतात. हळद मेली असं आपल्यापैकी कुणी म्हणत नाही. उलट आता गड्डा भरला म्हणतो. सुरण तसाच. मे महिन्यात लाल चेंडूसारखं फूल देणारी ती लिली तशीच, सगळा हिवाळा मातीत गुडूप असते. पान म्हणजे झाड नव्हे, हे आपल्याला आईआज्यांनी शिकवलेलंच आहे. फक्त हे परदेशी झाड समोर आलं की आपण गोंधळतो, कारण त्याचं सगळं कौतुक पानातच आहे.

पानाच्या टोकाला शिंपल्यासारख्या दोन पाळ्या असतात, कडेनं दातांसारखे काटे, आणि प्रत्येक पाळीच्या आत बहुधा ३ बारीक केस. माशीचा पाय एका केसाला एकदा लागला तर काही होत नाही. साधारण २० सेकंदांच्या आत दुसऱ्यांदा केस हलला, की सापळा डोळ्याचं पातं लवावं तसा मिटतो. एकदाच हललेला केस म्हणजे पावसाचा थेंब किंवा उडून आलेली काडी असू शकते, दोनदा हलला म्हणजे काहीतरी जिवंत आहे, असा त्याचा हिशोब. मिटल्यावरही आतला किडा धडपडत राहिला तरच सापळा घट्ट बंद होतो आणि पाचक रस सुटतो. पचायला आठवडाभर, कधी जास्तही लागतो. एक सापळा आयुष्यात मोजक्याच वेळा असा मिटतो, मग काळा पडून गळतो. म्हणून पोरांनी येताजाता बोट घालून तो मिटवायचा खेळ केला, की झाडाची ताकद फुकट जाते. पाहुण्यांना दाखवायला म्हणून आपणही तेच करतो, तेव्हा एकट्या पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही.

आता इथे एक समजूत काढून टाकायला हवी. माशी हे या झाडाचं जेवण नाही. जेवण ते इतर झाडांसारखंच उन्हात, हिरव्या पानात करतं. माशी म्हणजे त्याचं खत. ज्या मातीत ते जन्माला आलं तिच्यात नत्र जवळजवळ नाही, म्हणून ते किड्यातून मिळवायची युक्ती त्यानं काढली. हे एकदा लक्षात आलं की टीव्हीच्या बाजूच्या टेबलावर कुंडी ठेवून डास भरवण्यात काही हशील नाही हे कळतं. ऊन नसेल तर भरवून उपयोग नाही. चीज, पनीर, खिम्याचा गोळा वगैरे तर अजिबातच नको. सापळा तिथेच कुजतो.

हे झाड रानात जगात एकाच भागात उगवतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना ही दोन राज्यं शेजारी शेजारी आहेत. तिथलं विल्मिंग्टन हे शहर मध्ये धरलं तर आसपासचा शे-दीडशे किलोमीटरचा पट्टा, एवढंच त्याचं माहेर. उत्तर कॅरोलायनाचे तेव्हाचे गव्हर्नर आर्थर डॉब्स यांनी १७६० साली इंग्लंडला पाठवलेल्या पत्रात या झाडाचं वर्णन केलं, आणि पुढे शंभरेक वर्षांनी चार्ल्स डार्विननं कीटक खाणाऱ्या झाडांवर आख्खं पुस्तक लिहिलं, ते १८७५ मध्ये छापलं गेलं. तिथली जमीन म्हणजे पाइनच्या विरळ जंगलातली पाणथळ वाळू, आंबट आणि निकस. त्या जंगलात अधूनमधून वणवा लागतो. वरची पानं जळून जातात, पण गड्डा मातीत सुरक्षित राहतो आणि पुन्हा फुटतो. उलट वणवा बरेच दिवस लागला नाही, तर झुडपं माजतात आणि त्यांच्या सावलीत हे बुटकं झाड गुदमरतं. आग लागून वरचं सगळं जळालं तरी जे उठून उभं राहतं, ते चार काळ्या पानांनी मरत नाही हे त्यावरून समजून घ्या.

माहेरचं हवामान ऐका, कारण सगळी गोम तिथेच आहे. तिथला उन्हाळा आपल्याला ओळखीचा वाटेल, तिशीच्या वरचं तापमान, घाम, दमट हवा, वादळी पाऊस. म्हणून आपल्या पावसाळ्यात हे झाड खूश असतं. पण तिथला हिवाळा वेगळा. जानेवारीत दिवसा १३-१४ अंश आणि रात्री २-३ अंश, मध्येच एखाद्या पहाटे पाणी गोठतं. त्यातून दिवस लहान होतो. नकाशावर विल्मिंग्टनपासून आडवी रेघ ओढत आणली तर ती जवळपास आपल्या श्रीनगरवरून जाते. तिथे जूनमधला दिवस सुमारे साडेचौदा तासांचा आणि डिसेंबरातला जेमतेम १० तासांचा. मुंबईत हाच फरक सव्वातेरा आणि ११ तासांचा आहे. म्हणजे आपला दिवस सव्वादोन तासांनी आखडतो, तिथला साडेचार तासांनी.

आखडणारा दिवस आणि पडणारी थंडी, या दोन खुणांवरून झाडाला कळतं की आता आवरतं घ्यायचं. उंच उभी पानं येणं थांबतं. नवी पानं बारकी, जमिनीलगत पसरलेली येतात. जुने सापळे एकेक करून काळे पडतात, उरलेले केस हलवला तरी सुस्तपणे मिटतात किंवा मिटतच नाहीत. सगळा साठा गड्ड्यात उतरतो. असे ३ ते ४ महिने जातात.

झोप मोडली तर काय होतं? एखाद्या वर्षी चुकली तर झाड लगेच मरत नाही. अगदी लहान रोपं तर पहिल्या हिवाळ्यात झोपेशिवायही वाढत राहतात, म्हणून विकणारा "याला बाराही महिने घरात ठेवा" असं म्हणाला तर पहिल्या वर्षी त्याचं खरंही वाटतं. पण ही झाडं वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या बहुतेकांचा अनुभव सांगतो की मोठं झाड झोपेविना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खंगत जातं. पानं दरवेळी आधीपेक्षा लहान, सापळे फिके, आणि मग एखादी बुरशी निमित्त होते. घरात तर दुहेरी मार बसतो. हिवाळ्यात खिडकीतून येणारा उजेड कमी झालेला, घर मात्र उबदार. उबेत झाडाचा श्वास चालू राहतो, म्हणजे साठवलेलं खर्च होत राहतं, आणि उजेड कमी म्हणून नवी कमाई नाही. पगार बंद आणि किराण्याचं बिल चालू, असं घर किती महिने तग धरेल ते तुम्हाला मी सांगायला नको. थंडीत हा खर्चच जवळजवळ थांबतो. म्हणून थंड अंधारात ठेवलेलं झाड टिकतं आणि उबदार अंधारात ठेवलेलं संपतं.

आता तुम्ही कुठे राहता त्यावर पुढचं ठरतं.

पुणे, नाशिक, सातारा, नगर, इकडे विदर्भात नागपूर, या बाजूला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बऱ्यापैकी गार असतात, १० अंशांच्या आसपास आणि कधी खाली. निफाडला तर कडाक्याच्या वर्षी पारा ५-६ अंशांवर येतो. पण दुपार मात्र २८-३० अंशांची. त्यामुळे इथे झाडाला अर्धवट डुलकी लागते, गाढ झोप नाही. तरी ही डुलकी पुष्कळ बरी. अट एकच, कुंडी घरात ठेवायची नाही. रात्री घराच्या आत बाहेरच्यापेक्षा बराच उबारा असतो, आणि आपण बाया तर गारठ्यानं झाड आखडेल म्हणून कुंड्या आत ओढतो. बाकी झाडांचं काहीही करा, हे एक बाहेरच राहू दे. गॅलरीत किंवा गच्चीवर अशा जागी, की कोवळं ऊन मिळेल आणि दुपारचं तापतं ऊन चुकेल. दुपारचा ताव कमी करायचा तर एक घरगुती उपाय आहे. मोठी मातीची कुंडी घ्या, तिच्यात ओली वाळू भरा, आणि झाडाची प्लॅस्टिकची कुंडी त्या वाळूत बसवा. वाळू ओली ठेवा. कोरड्या हवेत बाहेरची कुंडी माठासारखी पाझरते आणि आतला गड्डा गार राहतो. झाड मात्र प्लॅस्टिकच्या कुंडीतच हवं, मातीच्या कुंडीतले क्षार त्याच्या मुळांना सोसत नाहीत.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा. इथे थंडीची वाट बघण्यात अर्थ नाही. रात्रीचा पारा १६-१८ अंशांवर आला की आपण स्वेटर काढतो, झाड मात्र अजून वसंतातच असतं. इथे उपाय एकच, फ्रिज. हसू नका. भाजीच्या कप्प्यात ५-७ अंश तापमान असतं, आणि झाडाला हवी ती थंडी हीच.

कसं करायचं ते सावकाश सांगते, हवं तर कागद घ्या. नोव्हेंबर लागला की झाडाला काही भरवणं बंद. दोन-तीन आठवडे त्याला उन्हाचे तास कमी द्या, फक्त सकाळचं ऊन. महिनाअखेरीला, म्हणजे साधारण मार्गशीर्ष लागायच्या सुमाराला, झाड कुंडीतून अलगद काढा. मुळं लांब, काळी आणि नाजूक असतात. काळी बघून कुजली समजू नका, त्यांचा रंगच तसा. साध्या नळाच्या पाण्यानं नाही, तर पावसाच्या साठवलेल्या किंवा डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन घ्या. काळी पडलेली पानं कात्रीनं कापा, हिरवी राहू द्या. मग स्फॅग्नम मॉस घ्यायचं. ऑर्किड लावणाऱ्यांकडे मिळतं ते वाळलेलं शेवाळ. ते भिजवून घट्ट पिळायचं, इतकं की मुठीतून थेंब गळू नये, आणि त्यात गड्डा आणि मुळं गुंडाळायची. हे बोचकं झिपच्या पिशवीत, आत थोडी हवा ठेवून. पिशवीवर तारीख घाला, आणि मोठ्या अक्षरांत "झाड आहे, टाकू नये" असं लिहा. हे मी गमतीनं सांगत नाही. फ्रिज आवरताना सडकी कोथिंबीर म्हणून ही पिशवी फेकली जाण्याचा धोका बुरशीपेक्षा मोठा आहे.

पिशवी भाजीच्या कप्प्यात ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. तिथे गड्ड्यातलं पाणी गोठून तो चिरडला जातो. मागच्या भिंतीला टेकवूही नका, काही फ्रिजात तिथेही बर्फ धरतो. पिकलेली केळी, सफरचंदं त्या कप्प्यात नकोत, पिकणाऱ्या फळांतून जो वायू सुटतो त्यानं पानं लवकर म्हातारी होतात. उजेड लागत नाही. वीज दोन-चार तास गेली तर काळजी नको, फक्त फ्रिजचं दार उघडझाप करू नका. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून बघायची. पांढरी-करडी लव दिसली की ती बुरशी. तेवढं पान कापून टाका, गड्डा पुन्हा धुवा, मॉस नवं घ्या, आणि हाताशी असेल तर गंधकाची भुकटी अगदी चिमूटभर शिंपडा. गड्डा कसा तपासायचा, तर बाजारात कांदा दाबून बघतो तसा. घट्ट आणि पांढरा म्हणजे उत्तम. तपकिरी, मऊ, वास येणारा म्हणजे संपला. अर्धाच मऊ असेल तर मऊ भाग कापून उरलेला ठेवा, बऱ्याचदा वाचतो.

एवढं उस्तवार ज्यांना नको वाटेल त्यांनी लहान कुंडी जशीच्या तशी पिशवीत घालून फ्रिजात ठेवली तरी चालतं. जागा जास्त जाते आणि मातीतली बुरशी दिसत नाही, एवढाच तोटा.

तुमच्या लेकीसुना अमेरिकेत, इंग्लंडात आहेत, त्यांचा प्रश्न उलटा असतो. बाहेर बर्फ आणि घरात हीटर लावून २० अंश. त्यांनी कुंडी हॉलच्या खिडकीत ठेवली तर झाडाला मुंबईतच ठेवल्यासारखं आहे, वर उजेडही कमी. त्यांनी हीटर नसलेली जागा शोधायची, गॅरेजची खिडकी, काचेनं बंद केलेला व्हरांडा, जिन्याखालची गार जागा. शून्याच्या वर आणि १० अंशांच्या खाली, एवढं बघायचं. पानं हिरवी असतील तर थोडा उजेड हवा. आणि बाहेर कुंडी ठेवून ती आरपार गोठू द्यायची नाही. जमिनीत खोल रुजलेल्या झाडाला जे सोसतं ते वाटीएवढ्या कुंडीला सोसत नाही.

आता पाण्याचं. इथे हळदीचा दाखला सोडून द्यावा लागतो. आपली हळद, सुरण, लिली झोपल्या की आपण पाणी तोडतो, कारण त्यांची झोप कोरड्या दिवसांसाठी आहे. फ्लायट्रॅपची झोप थंडीसाठी आहे, दुष्काळासाठी नाही. त्याच्या माहेरी हिवाळ्यातही जमीन ओली असते. म्हणून झोपेतही माती किंवा मॉस दमट राहिलं पाहिजे. उन्हाळ्यात आपण कुंडीखालच्या ताटलीत पाणी भरून ठेवतो, तसं मात्र हिवाळ्यात नको. गार, साचलेल्या पाण्यात गड्डा कुजतो. हाताला ओलसर लागेल, पण बोट ओलं होणार नाही, एवढं पुरे.

पाणी कुठलं, हा प्रश्न बाराही महिन्यांचा आहे, आणि माझ्या मते आपल्याकडे झोपेच्या खालोखाल झाडं याच्यामुळेच जातात. बोअरचं पाणी नाही. नळाचंही बहुतेक ठिकाणी नाही. पावसाचं पाणी सगळ्यात छान, चार महिने आकाशातून फुकट पडतं, ड्रम भरून झाकून ठेवा. घरच्या आरओचं पाणी चालेल का, तर मशीनवर अवलंबून आहे. पुष्कळ मशीन चवीसाठी क्षार परत मिसळतात. टीडीएस मोजायचा छोटा मीटर मिळतो, आकडा ५० च्या आत असेल तर घाला. आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जाणारं पाणी येतं ते तर चुकूनही नको, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. मातीच्या बाबतीतही तेच. आपली काळी किंवा लाल माती, शेणखत, गांडूळखत, सगळं बाद. पीट मॉस आणि पर्लाइट, किंवा नुसतं स्फॅग्नम मॉस. या झाडाच्या मुळांना खत म्हणजे विष आहे.

जागं कधी करायचं? महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात. तोच मुहूर्त धरा, फेब्रुवारीचा उत्तरार्ध. तीन महिने पुरे झालेले असतात. पण फ्रिजातून काढून थेट फाल्गुनाच्या उन्हात ठेवलं तर पानं एका दिवसात भाजतील. आधी आठवडाभर सावलीच्या उजेडात, मग सकाळचं तासभर ऊन, मग हळूहळू वाढवत जा. ताज्या मॉसमध्ये लावा. दहा-पंधरा दिवस काहीच होत नाही असं वाटेल, मग मधोमध गुंडाळलेलं कोवळं पान वर येतं. भरवायची घाई नको, चार-पाच मोठे सापळे आल्याशिवाय तर नाहीच.

याच सुमाराला मध्यातून एक सरळ जाड दांडा वर येतो. तो फुलाचा. पांढरी फुलं साधीच असतात, पण झाडाची ताकद खूप खातात. झाड धट्टंकट्टं असेल तर येऊ द्या, नुकतं झोपेतून उठलेलं आणि अशक्त असेल तर दांडा बोटभर असतानाच कापा. गड्ड्याच्या बाजूला पिलं फुटली असतील तर तीही याच वेळी सुटी करून लावता येतात, आपण निशिगंधाचे कंद सुटे करतो तशी. एका कुंडीच्या दोन-तीन होतात.

घेऊ का, असं विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी माझं मत सरळ आहे. पुण्या-नाशकाकडे गच्ची किंवा उघडी गॅलरी असेल तर जरूर घ्या. मुंबईत, कोकणात असाल आणि फ्रिजाचा खटाटोप तीन महिने निभावणार असाल तर घ्या. नाहीतर पैसे वाचवा. एका पावसाळ्याचं खेळणं म्हणून हे झाड घेणं मला पटत नाही. आणि घेताना ते रोपवाटिकेत, प्रयोगशाळेत वाढवलेलं आहे ना ते विचारून घ्या. रानातली ही झाडं उपटून विकण्याचा धंदा तिकडे इतका वाढला की उत्तर कॅरोलायनात २०१४ पासून त्याला गंभीर गुन्हा ठरवून तुरुंगाची तरतूद करावी लागली.

पोरांना किडे खाणारं झाड दाखवायचंच असेल, तर आपल्या मातीतही ती आहेत. पावसाळ्याच्या शेवटी कासच्या पठारावर जा. तिथे गवतात दवबिंदू असतं, लालसर पानांवर चिकट थेंब, बसलेला चिलट तिथेच अडकतो. आणि जांभळट निळी सीतेची आसवं तर सगळ्यांनी फोटोत बघितली असतील, त्यांच्या ओल्या मातीतल्या बारीक पिशव्या पाण्यातले जीव ओढून घेतात. या आपल्या झाडांची वाईट दिवस काढायची रीत वेगळी. त्यांचा वैरी थंडी नाही, कोरडं पठार. म्हणून ती पाऊस सरला की बी टाकून संपतात आणि पुढच्या जूनपर्यंत फक्त बी मातीत झोपतं. त्यामुळे तिथलं रोप उपटून घरी आणलंत तर तुमच्या हाती काही राहणार नाही आणि पठाराचं बी मात्र कमी होईल. बघायचं, फोटो काढायचा आणि यायचं.

तर या महिन्यात झाड काळं पडलं म्हणून फोन करण्याआधी माती बाजूला करून गड्डा दाबून बघा. घट्ट आहे की मऊ, रंग कोणता, कुंडी आत आहे की बाहेर, आणि पाणी कुठलं घालता, या चार गोष्टी सांगितल्यात की मला लगेच काही सांगता येईल. पुढच्या बुधवारी गुलाबाच्या छाटणीबद्दल बोलू. कात्रीला धार लावून ठेवा.